वरच्या मजल्यावरचा बर्गी

आपल्याकडे ताडगोळे कोवळे असतानाच खातात. बंगाली माणूस तेच फळ पिकून आपोआप पडण्याची वाट पाहतो. भादव्यात हवा जागची हलत नाही, उशी घामाने ओली असते, आणि दुपारी कधीतरी शेजारच्या आवारात धप् असा आवाज होतो. साऱ्या गल्लीला कळतं, ताड पिकला. मग त्याचा केशरी गर घासून काढायचा, त्यात पीठ, गूळ, खोबरं कालवायचं आणि वडे तळायचे. त्या वासात गोडवा आहे, पण थोडी दांडगाईही आहे. तो विचारून घरात शिरत नाही.

कलकत्त्यात, डमडमला या खोलीत राहायला आलो त्या पहिल्या भादव्यात तो आवाज ऐकून मी खाटेवरून उठून भिंतीला लागलो होतो. फौजेतून नुकताच सुटलो होतो, अंगातली सवय सुटली नव्हती. खालच्या मजल्यावरून घरमालकीणबाई हसल्या. त्यांना सगळे माशीमा म्हणतात, म्हणजे मावशी. पडलं ते फळ आहे, बाबा, तोफ नव्हे, असं त्यांनी जिन्यातून सांगितलं आणि थोड्या वेळाने वडे पाठवले.

यंदाही पडलं. समोर फोर्ट विल्यमच्या लष्करी ठाण्यातला एक तरुण कॅप्टन बसला होता. साताऱ्याकडचा. त्याची फौजेतली मुदत संपत आली आहे आणि इतिहासात डॉक्टरेट करायची आहे. आवाजाने तो दचकला, मग आपण दचकलोच नाही असा चेहरा केला आणि विचारलं, "सर, आपल्यासारख्यांना सांभाळून घेणारं विद्यापीठ कुठलं?"

हा प्रश्न मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. शेवटचा ऐकला तो माझ्याच तोंडून, आणि तोही भादवाच होता.

मी एम.ए. झालो आणि त्याच हिवाळ्यात हिमालयात युद्ध पेटलं. देशाला अधिकारी हवे होते, मला इतिहास पुरे झाला असं वाटत होतं. आणीबाणीचं, म्हणजे ठरावीक मुदतीचं, कमिशन मिळालं. अंगावर वर्दी चढली आणि नेमणूक झाली रसद खात्यात. डाळ, आटा, रॉकेल, खेचरांचा चारा. लढणाऱ्या पलटणीतले दोस्त आम्हाला वाणी म्हणत. पुढच्या युद्धातही मी गोळी झाडली नाही, पोती पोचवली. पण एक गोष्ट तिथे कायमची डोक्यात बसली: कुठलीही फौज कुठूनही कुठे गेली असं वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो, ही खात काय होती?

शेवटची नेमणूक फोर्ट विल्यमला. मोकळ्या वेळात कलकत्त्याचा जुना इतिहास वाचू लागलो आणि आमचीच माणसं भेटली. दोनशे वर्षांपूर्वी नागपूरकरांची फौज बंगालवर वर्षामागून वर्ष चालून आली. त्या फौजेतले बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारे स्वार. बंगाली जिभेवर त्यांचे बर्गी झाले. आपल्या पुस्तकांत ही मोहीम अर्ध्या पानात, बरीच चौथाई मिळाली असं म्हणून संपते. इथे ती अजून संपलेली नाही. माझ्या खोलीखाली माशीमा रोज दुपारी नातीला, बुल्टीला, झोपवत तेव्हा बर्गींची भीती घालत. गप्प झोप, नाहीतर ते घोड्यावरून येतील आणि सगळं धान्य नेतील. वरच्या मजल्यावर त्यांच्यातलाच एक भाडेकरू म्हणून राहतो हे माशीमांच्या ध्यानातच आलं नसावं. मी पलंगावर पडून निमूट ऐकत असे. खरं तर त्या आवाजाने मलाही झोप लागे.

विषय तिथेच ठरला. बंगालमधली मराठी फौज आणि तिने खाल्लेलं धान्य. प्रश्न होता विद्यापीठाचा.

माझे थोरले भाऊ, दादा, रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते. गार्डन रीचला नदीकाठी त्यांचा बंगला. दादांचा हिशेब सरळ होता. फौजेतून सुटलेल्या अधिकाऱ्यांसाठी सरकारी सेवांत राखीव जागा होत्या, परीक्षा द्यायची, कलेक्टर व्हायचं. मेलेल्या घोड्यांनी काय खाल्लं हे शोधणाऱ्याला मुलगी कोण देणार, असं ते वहिनीला उद्देशून, मला ऐकू जाईल असं म्हणत. शेवटी तडजोड ठरली. दुर्गापूजेच्या सुट्टीपर्यंत एखाद्या विद्यापीठाने घेतलं तर ठीक, नाहीतर मी मुकाट्याने त्या परीक्षेला बसायचं. दादांशी केलेली तडजोड मोडता येत नाही. वडील गेल्यावर माझं शिक्षण त्यांनीच केलं होतं.

तेव्हाचं कलकत्ता ज्यांनी पाहिलं त्यांना भिंती आठवतील. डांबराने लिहिलेल्या क्रांतीच्या घोषणा, बंदुकीच्या चित्रांसह. परीक्षा पुढे ढकलल्या जात, मग त्याहून पुढे. ट्राम जळाली तर लोक पायी ऑफिसला जात आणि वाटेत राजकारणावर वाद घालत. या शहरात फौजी माणसाने विद्यापीठाचा दरवाजा ठोठावणं म्हणजे जावयाने हुंड्याची थकबाकी मागायला जाण्यासारखं होतं. तरीही गेलो.

इतिहासाचे प्राध्यापक सान्यालबाबू पंख्याखाली धोतराच्या सोग्याने कपाळ टिपत बसले होते. समोरच्या खुर्चीवर पुस्तकांचा ढीग होता, तो त्यांनी हलवला नाही. मी उभ्यानेच विषय सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही मराठी, वर फौजी," ते म्हणाले. "बर्गींवर लिहायला बंगालकडेच जागा मागता. मांजराने दुधावर प्रबंध लिहावा तसं आहे हे."

"मांजराला दुधाबद्दल बरंच माहीत असतं," मी म्हणालो.

"मांजराला फक्त चव माहीत असते."

मग त्यांनी इथे काय मिळणार नाही ते सांगितलं. फौजेतल्या वर्षांची सवलत नाही, फी माफ नाही, वसतिगृह नाही. नावाआधी कॅप्टन लावायचं नाही. जुन्या बंगाली पोथ्या स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आल्या पाहिजेत, दुसऱ्याने केलेलं भाषांतर चालणार नाही. मुलं सरकारचा दलाल म्हणतील, त्यावर त्यांच्याकडे इलाज नव्हता. कधीकधी मुलं त्यांनाही तसंच म्हणत. एवढं करूनही मला घेणार की नाही हे ते सांगणार नव्हतेच. आधी अक्षर गिरवून या, म्हणाले.

मी बाहेर आलो तो संतापून. आपण देशासाठी काही केलं आहे, भले पोती वाहिली असतील, याचं कुठेतरी मोल व्हावं असं वाटत होतं. आता हे लिहिताना स्वच्छ दिसतं की मला विद्यापीठ नको होतं, कौतुक हवं होतं. पण तेव्हा मी बंगाली अंकलिपी विकत घेतली ती रागानेच. माशीमांनी ती पाहिली आणि बुल्टीच्या शेजारी मलाही बसवलं. आम्ही दोघं एकाच पाटीवर अक्षरं काढू लागलो. बुल्टीचं वळण माझ्यापेक्षा चांगलं होतं आणि ती तसं बोलून दाखवी.

कौतुक करणारं विद्यापीठ मात्र आपणहून चालत आलं. आपल्या महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाचे इतिहास विभागप्रमुख, डॉ. कारखानीस, कुठल्याशा परिषदेसाठी कलकत्त्याला आले होते. दादांनी त्यांना जेवायला बोलावलं. गणपती दोन दिवसांवर होते, वहिनीने त्यांच्यासाठी उकडीचे मोदक आधीच केले. नदीवरून बोटीचा भोंगा वाजे तेव्हा कारखानीस बोलायचे थांबत, भोंगा संपला की जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू करत. मोठ्या माणसांना हे जमतं.

त्यांनी एकेक सवलत मोदकासारखी ताटात ठेवली. माजी सैनिक म्हणून वयाची अट नाही, फी नाही, वसतिगृहात खोली, ग्रंथालयातून हवी तितकी पुस्तकं. मार्गदर्शक ते स्वतः. फक्त विषयाचं नाव थोडं दुरुस्त करायचं: पूर्वेकडील मराठी मोहिमा, एक शौर्यगाथा.

शौर्यगाथा हा निष्कर्ष झाला, विषय नव्हे, असं मी म्हणालो. फौजी माणसं थेट बोलतात, म्हणून ते खूश होऊन हसले. मग प्रत्यक्ष गोळीबार पाहिला आहे ना, असं त्यांनी आस्थेने विचारलं.

"मी डाळ-आट्यात होतो," मी सांगितलं.

"ते प्रस्तावनेत यायची गरज नाही," कारखानीस म्हणाले आणि चौथा मोदक घेतला.

दादांचा चेहरा उजळला होता. कलेक्टर नाही तर निदान आपल्या गावाकडे, आपल्या लोकांत, मानाने. मलाही मोह पडला नाही असं नाही. खोली, पुस्तकं, आणि कोणी दलाल म्हणणार नाही. मी हो म्हटलं नाही, पण नाही हेही म्हटलं नाही. वहिनी वाढता वाढता माझ्याकडे बघत होती. तिला माझं गप्प राहणं ओळखता येतं.

कलकत्त्यातल्या मराठी मंडळाचा गणपती हा एक वेगळाच सोहळा. बदलीवर आलेले बँकवाले, रेल्वेवाले, आणि इथेच जन्मलेली जुनी घरं, ज्यांची मुलं आरती बंगाली उच्चाराने म्हणतात आणि टाळ्या चुकवतात. वर्षभर एकमेकांना न भेटणारे लोक त्या दिवसांत एकमेकांच्या साड्या आणि बढत्या पाहून घेतात. त्या वर्षी मंडळाच्या चिटणिसांना, विम्यातले मोठे उत्साही गृहस्थ होते ते, ऐतिहासिक देखावा करण्याची कल्पना सुचली. आपला आणि बंगालचा जुना संबंध दाखवावा. शेजारच्या बंगाली मंडळींना बोलवावं. संबंध कुठला, तर जो एक सगळ्यांना शाळेपासून पाठ होता तो. गंगेच्या काठी मराठी स्वार.

तीस-तीस वर्षं बंगाल्यांच्या शेजारी राहिलेल्या, त्यांच्या मुलांच्या लग्नांत जेवलेल्या या माणसांपैकी एकालाही वाटलं नाही की यात काही चुकतं आहे. दरोडेखोराच्या वंशजांनी वाढदिवसाला शेजाऱ्यांना बोलावून आजोबांची कुऱ्हाड दाखवावी, तसा हा निरागस कार्यक्रम होता. समारोपाला अध्यक्ष डॉ. कारखानीस, आणि सत्कारमूर्ती म्हणून, शाल-श्रीफळासह, त्या शूर स्वारांचा आजचा वारस, कॅप्टन मी. दादांनी परस्पर हो सांगून टाकलं होतं. वहिनीने माझ्या घरमालकीणबाईंना अगत्याने आमंत्रण धाडलं होतं. माशीमा बुल्टीला घेऊन, खळ घातलेली पांढरी साडी नेसून, पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

पडदा सरकला. घोडे आणि स्वार पुठ्ठ्याचे, मोठे देखणे. काम दिलं होतं दुर्गेच्या मूर्ती घडवणाऱ्या बंगाली कारागिरांना. पूजा तोंडावर आलेली, त्यांना मान वर करायला सवड नव्हती, आणि स्वार कोण हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. लढणारा पुरुष म्हणजे त्यांच्या हाताला एकच चेहरा ठाऊक. हिरवट अंग, वर चढलेल्या भुवया, पिळदार काळ्या मिशा, कुरळे लांब केस. प्रत्येक मराठी स्वार हुबेहूब महिषासुर झाला होता. फक्त पागोटं आपलं.

मंडळींच्या लक्षात आलं नाही. डोळे किती पाणीदार, असं कोणीतरी म्हणालं. बंगाली पाहुण्यांच्या रांगेत मात्र एक कुजबुज गेली आणि मग फार सभ्य शांतता पसरली. चिटणीस माशीमांजवळ वाकले आणि आपल्या उत्तम बंगालीत अभिमानाने म्हणाले की हे आमचे बर्गी.

माशीमांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"बाबा, इतकी वर्षं मी हिला ज्यांची भीती घातली, ते तुमचे लोक?"

"हो, माशीमा."

"आणि तू वर पडून ऐकत होतास?"

"रोज."

बुल्टी तोवर मंचाजवळ जाऊन एका घोड्याच्या पोटाला बोट लावून आली होती. तो पोकळ आहे, असं तिने आजीला मोठ्याने सांगितलं.

माझं नाव पुकारलं गेलं. शौर्यावर दोन शब्द बोलावेत अशी विनंती होती. मंचावर गेलो तेव्हा कारखानीस शाल उलगडून उभे होते. ती खांद्यावर पडली असती तर मला वाटतं मी बोललोच नसतो. शालीखाली माणूस फार लवकर सज्जन होतो. मी त्यांना एक मिनिट थांबायला सांगितलं.

जे बोललो ते फार नव्हतं. मी रसदीत होतो, म्हणालो, त्यामुळे मला हा देखावा अर्धा वाटतो. घोडे आहेत, त्यांच्या तोंडापुढे काही नाही. मागच्या पडद्यावर हिरवी शेतं रंगवली आहेत, ती कोणाची तरी आहेत. फौजेने घरून धान्य आणलं नव्हतं, एवढ्या लांब ते आणता येत नाही, हे मी पोती वाहून शिकलो आहे. मग या घोड्यांनी जे खाल्लं ते या शेतांत होतं.

"समोर माझ्या घरमालकीणबाई बसल्या आहेत," मी शेवटी म्हणालो. "त्यांच्या घरात लेकरं झोपावीत म्हणून अजून आपलं नाव घेतात. आपल्या पूर्वेकडच्या पराक्रमाचं एवढंच जिवंत स्मारक मला माहीत आहे. मी त्यावर लिहिणार आहे. शौर्यगाथा कोणाला लिहायची असेल तर ही शाल त्याला द्यावी."

टाळ्या पडल्या नाहीत. मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. शाल कारखानिसांच्या हातात तशीच राहिली, आणि मग, काय करावं न सुचून, त्यांनी ती नीट घडी घालून गणपतीपुढे ठेवली. निरोप घेताना ते माझ्याशी अगदी मऊ आवाजात बोलले. विद्यापीठ तुमचंच आहे, फक्त दृष्टी दुरुस्त करून या. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. या शहराची हवा वाईट, असंही ते दादांना म्हणाले.

गाडीत दादा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "कलेक्टर झाला असतास." त्या वाक्यातला भूतकाळ ऐकून मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. वहिनी म्हणाली, "भावजी, बोललात ते बरोबरच होतं. पण प्रसाद वाटून झाल्यावर बोलायचं. अर्धे लोक न घेताच गेले."

पुढच्या आठवड्यात सान्यालबाबूंकडे गेलो. या वेळी खुर्चीवरची पुस्तकं मीच उचलून जमिनीवर ठेवली आणि बसलो. त्यांनी एक पोथी पुढे सरकवली. मी वाचू लागलो, अडखळत, बोट लावून, बुल्टी वाचते तसा. पान संपेपर्यंत त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही, आणि पान संपल्यावर सगळ्या चुका एकदम सांगितल्या. मग पुढचं पान उलटलं. मला घेतलं हे मला तसं कळलं. पूजेचे ढोल वाजायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते.

सांभाळून मला तिथे कोणीच घेतलं नाही. विभागात पाऊल ठेवलं त्या दिवशी फळ्यावर कोणीतरी घोडा काढून ठेवला होता, त्यावर संगीन घेतलेला शिपाई. मी खडू घेऊन खोगीर नीट करून दिलं, ते फार पुढे गेलं होतं. एकजण हसला, बाकीचे हसले नाहीत. त्यातले काही पुढेही हसले नाहीत, आणि त्यांची कारणं तेव्हा पोलिसांच्या गोळ्या खाऊन रस्त्यावर पडलेली होती, मी त्यांना दोष देत नाही. पहिलं प्रकरण सान्यालबाबूंनी तांबडं करून परत दिलं. "दुसऱ्याच परिच्छेदात तुम्ही तुमच्या माणसांना माफ करून मोकळे झालात," ते म्हणाले. "माफी ज्यांचं धान्य गेलं त्यांनी द्यायची. तुम्ही धान्य शोधा."

मी शोधलं. त्यात जवळजवळ सगळं तारुण्य गेलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. धान्य शोधता शोधता बारगीरही भेटला. घोडा सरकारचा, आणि तो मेला की स्वाराचा प्यादा व्हायचा, म्हणून त्याने दुसऱ्याचं उभं पीक घोड्यापुढे टाकलं. हे मी लिहिलं, माफीचा शब्द न काढता. मंडळाने मला पुन्हा कधी बोलावलं नाही. प्रबंधावर नावाआधी कॅप्टन नाही.

त्या देखाव्याच्या रात्रीपासून माशीमा मला बाबा म्हणायच्या थांबल्या. बर्गी म्हणू लागल्या, तोंडावर, भाजीवाल्यासमोर, पोस्टमनसमोर. बुल्टीला झोपवण्याची त्यांची युक्ती मात्र बाद झाली. घाबरवायचं म्हटलं की ती पोर उठून वर यायची आणि माझ्या टेबलावरची शाई सांडायची.

तर तो साताऱ्याचा कॅप्टन उत्तराची वाट पाहत बसला होता. भिंतीवरच्या घोषणा आता बदलल्या आहेत, भिंती त्याच आहेत. त्याला मी एवढंच सांगितलं की जिथे जाशील तिथे ते काय देतात हे विचारू नकोस, काय लिहू देणार नाहीत हे विचार. आणि दारातच कोणी शाल काढली तर मागच्या मागे परत फीर. त्याला हे पटलं असं दिसलं नाही. त्याला विद्यापीठाचं नाव हवं होतं. मलाही हवं होतं.

तेवढ्यात खालून हाक आली. माशीमांच्या आवाजात वयाने काही फरक पडलेला नाही.

"बर्गी, ताड पडलाय. जा, घेऊन ये. आणि विचारून आण, झाड दुसऱ्याचं आहे."

मी चपला घातल्या. कॅप्टन माझ्याकडे पाहत राहिला, मग उठून माझ्यामागे आला. भर दुपारी, घामाने निथळत, आम्ही दोघं शेजाऱ्यांच्या फाटकाशी उभे राहिलो. फळ आत गवतात पडलेलं दिसत होतं, फाटकाला कडीसुद्धा नव्हती. मी घंटी वाजवली आणि आम्ही कोणी येईपर्यंत बाहेर थांबलो.